डब्यावरचा आकडा तपासायचा कोणी?

चक्क्यासाठी दही फडक्यात बांधून टांगले की रात्रभर खालच्या पातेल्यात हिरवट-पिवळे पाणी ठिबकत राहते. व्हे म्हणतात ते हेच. पनीरसाठी दूध नासवल्यावर वर राहते तेही व्हेच. आपल्या घरांत त्यात कणीक मळतात, कढीला लावतात, नाहीतर मोरीत ओततात. दुधातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असते. ते घट्ट होऊन चक्क्यात, पनीरमध्ये, चीजमध्ये बसते. उरलेली २० टक्के पाण्यात विरघळून राहणारी असतात. आपण घरी दूध चांगले उकळून घेतो, त्यामुळे त्यांतलीही बरीच केसीनला चिकटून चक्क्यातच राहतात. चीजच्या कारखान्यात दूध इतके तापवत नाहीत, म्हणून तिथल्या पाण्यात ती जवळजवळ पूर्ण उतरतात. बाजारातली व्हे पावडर मुख्यतः चीजच्या कारखान्यांतून येते ती याच कारणाने.

१० लिटर दुधापासून साधारण १ किलो चीज निघते आणि ९ लिटर पाणी उरते. कित्येक वर्षे जगभरच्या चीजवाल्यांना या पाण्याचे काय करायचे हा प्रश्न होता. ओढ्यात सोडले तर कुजताना ते पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवते आणि मासे मरतात. १९७० च्या दशकात अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून हे पाणी गाळायचे तंत्र कारखान्यांत आले. साखर, क्षार आणि पाणी पडद्यातून पलीकडे जातात, प्रथिने अलीकडे अडतात. मग गरम हवेच्या झोतात फवारून त्यांची पावडर करतात. १०० ग्रॅममध्ये ८० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असेल तर ते कॉन्सन्ट्रेट, ९० च्या पुढे गेले तर आयसोलेट, आणि प्रथिनांचे आधीच बारीक तुकडे केले तर हायड्रोलायझेट. या पाण्यात प्रोटीन १ टक्काही नसते, त्यामुळे किलोभर कॉन्सन्ट्रेटला शंभराहून जास्त लिटर पाणी लागते. आपल्याकडे हा माल बरीच वर्षे प्रामुख्याने परदेशातून यायचा आणि इथे डब्यात भरला जायचा. आता अमूलसारखा सहकारी संघ आणि मंचरला चीजचा मोठा कारखाना असलेली पराग मिल्क फूड्स आपापल्या चीजच्या व्हेपासून डबे विकतात.

एवढे सविस्तर सांगितले ते अशासाठी, की व्हेभोवती आपल्याकडे भीती आणि भक्ती दोन्ही फार आहेत. घरातली मोठी माणसे म्हणतात, पावडर खाऊ नकोस, किडनी जाईल. जिममधले सर म्हणतात, पावडरशिवाय अंगावर काही धरत नाही. व्हे हा दुधाचाच एक भाग आहे. ते औषध नव्हे आणि स्टेरॉइड तर नव्हेच. धडधाकट माणसाने प्रमाणात घेतले तर त्याने किडनी खराब होत असल्याचा पुरावा नाही. ज्याची किडनी आधीच दुखावलेली आहे त्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नये. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांनी आधी तपासणी करून घ्यावी, कारण किडनीचा आजार बराच काळ बाहेर दिसत नाही. पोट फुगणे, गॅस होणे हा त्रास बहुतेक वेळा कॉन्सन्ट्रेटमध्ये उरलेल्या दुधाच्या साखरेचा, लॅक्टोजचा असतो. ज्यांना दूध सोसत नाही त्यांना आयसोलेट तुलनेने सोसते. भीतीबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

माझे म्हणणे डब्याबद्दल आहे. डब्याच्या आत नेमके काय आहे हे ओळखण्याचे कोणतेही साधन गिऱ्हाइकाच्या हातात नाही, आणि तरीही ते ओळखायची सगळी जबाबदारी आपण त्याच्यावरच टाकली आहे. ही जबाबदारी त्याच्या खांद्यावरून काढून बनवणाऱ्यावर आणि सरकारवर ठेवली पाहिजे. प्रत्येक बॅचची, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालाची, तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल कोणालाही पाहता यावा.

माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करतो. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. तालुक्याच्या गावी अकादमीजवळ खोली घेऊन चार पोरे राहतात. पहाटे मैदान, संध्याकाळी जिम. दिवाळीला घरी आला तेव्हा बॅगेत तीन किलोचा डबा होता. "मामा, सरांनी दिलाय, वजन वाढायला पाहिजे म्हणाले," असे त्याने अभिमानाने सांगितले. अडीच हजार रुपये दिले होते, तेही मेसच्या पैशांतून वाचवून. डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत प्रोटीन लिहिलेले आणि खाली दंडाचा फुगलेला स्नायू. मागची बाजू आम्ही दोघांनी खिडकीशी नेऊन वाचली, कारण अक्षरे मुंगीएवढी होती.

घटकांच्या यादीत पहिले नाव होते माल्टोडेक्स्ट्रिन. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, म्हणजे डब्यात सगळ्यात जास्त वजन माल्टोडेक्स्ट्रिनचे. हा मक्याच्या किंवा इतर कशाच्या तरी स्टार्चचा तोडलेला पिठूळ पदार्थ. चवीला फारसा गोड नाही, पण रक्तात साखरेसारखाच झटकन उतरतो. दुसरे नाव साखर. तिसरे 'प्रोटीन मिश्रण' आणि कंसात व्हे कॉन्सन्ट्रेट, सोया, दूध पावडर. मिश्रणात कोणाचा वाटा किती, हे कुठेच नाही. व्हे नव्वद भाग असले काय आणि चाळीस भाग असले काय, लेबल हेच राहील. पुढे कोको, घट्टपणासाठी झँथन गम म्हणजे आयएनएस ४१५ (आयएनएस हे खाण्यात वरून घालायच्या पदार्थांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक), पावडर पाण्यात गुठळ्या न होता मिसळावी म्हणून लेसिथिन म्हणजे ३२२, गोडीसाठी सुक्रालोज म्हणजे ९५५. या आकड्यांना घाबरायचे कारण नाही, हे पदार्थ परवानगीतले आहेत. गोम पोषणाच्या तक्त्यात होती. १०० ग्रॅम पावडरीत प्रोटीन १५ ग्रॅम.

तीन किलोला १५ टक्क्यांनी ४५० ग्रॅम. अडीच हजार रुपयांत पोराच्या पदरात पडणारे एकूण प्रोटीन एवढेच, तेही लेबल खरे धरून. सोयाबीनच्या वड्यांत १०० ग्रॅममागे ५२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असते. तेवढेच ४५० ग्रॅम किराणा दुकानातून दीड-दोनशे रुपयांत घरी येते. भाचा गप्प बसला. त्याला मी दोष देत नाही. तो बारावीला विज्ञान शाखेत होता, टक्केवारी त्याला येते. तो आकडा त्याला दिसेल अशा ठिकाणी नव्हताच. पुढच्या बाजूला जो आकडा छापतात तो 'एका सर्व्हिंगला', म्हणजे एका वेळी घ्यायच्या मापाला, असतो आणि सर्व्हिंग किती ग्रॅमची धरायची ते कंपनी ठरवते. मास गेनर, म्हणजे भाच्याच्या डब्यासारखी वजन वाढवायची पावडर, विकणारे चक्क शंभर-दीडशे ग्रॅमची सर्व्हिंग धरतात, मग आकडा आपोआप मोठा होतो. १०० ग्रॅममागे प्रोटीन किती, हा आकडा डब्याच्या दर्शनी बाजूला नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे केले तर या डब्यांची निम्मी जादू तिथेच उतरेल.

हा झाला खरे लिहून लपवण्याचा प्रकार. खोटे लिहिण्याचा प्रकार याहून अवघड आहे, आणि तो समजायला थोडे रसायनशास्त्रात जावे लागते.

प्रोटीन मोजायची नेहमीची पद्धत १८८३ सालची आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल नावाच्या रसायनतज्ज्ञाने ती बसवली. तिच्यात प्रोटीन थेट मोजत नाहीत. नमुन्यातला नायट्रोजन मोजतात आणि दुधाच्या पदार्थांसाठी त्याला ६.३८ ने गुणतात. दुधात नायट्रोजन मुख्यतः प्रथिनांतूनच येतो, तेव्हा हिशेब बरोबर जमतो. पण नायट्रोजन कुठून आला हे ही पद्धत विचारत नाही. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांतले ग्लायसीन हे अगदी साधे आणि स्वस्त. त्यात वजनाच्या १८.७ टक्के नायट्रोजन असतो, दुधाच्या प्रथिनांपेक्षा जास्त. आता एका स्कूपमध्ये, म्हणजे डब्यातल्या मापाच्या एका चमच्यात, १८ ग्रॅम खरे प्रोटीन ठेवा आणि ५ ग्रॅम ग्लायसीन मिसळा. नायट्रोजनच्या हिशेबात त्या ५ ग्रॅमचे जवळपास ६ ग्रॅम प्रोटीन दिसते, आणि अहवालावर येतात २४ ग्रॅम. स्नायूंना मिळाले १८. टॉरिन, क्रिएटिन या नायट्रोजन असलेल्या इतर पदार्थांचाही असाच वापर करता येतो. या प्रकाराला धंद्यात अमिनो स्पायकिंग म्हणतात. यात विषारी काहीच नाही, म्हणून कोणी आजारी पडत नाही आणि तक्रारही होत नाही.

याच पळवाटेचे भयंकर रूप २००८ साली चीनमध्ये दिसले. दुधात पाणी घालायचे आणि नायट्रोजनचा आकडा भरून काढायला मेलामाइन टाकायचे, ज्यापासून प्लास्टिकच्या ताटल्या बनतात. त्यात वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. ती पावडर पाजलेली सुमारे ३ लाख बाळे आजारी पडली, मूत्रपिंडांत खडे झाले, सहा बाळे दगावली. तिथेही डब्यावर प्रोटीनचा आकडा छापलेला होता आणि नायट्रोजनच्या तपासणीत तो बरोबर येत होता.

स्पायकिंग पकडता येते. प्रत्येक अमिनो आम्ल वेगळे मोजायचे. खऱ्या व्हेमध्ये १०० ग्रॅम प्रोटीनमागे ल्युसीन हे अमिनो आम्ल १० ग्रॅमच्या आसपास आणि ग्लायसीन फार तर २ ग्रॅमच्या जवळपास असते. ग्लायसीन फुगलेले आणि ल्युसीन खंगलेले दिसले की कळते. पण त्यासाठी चांगली प्रयोगशाळा लागते. घरी आयोडीनचा थेंब टाकून, गरम पाण्यात पावडर ढवळून किंवा चाटून बघून यातले काही कळत नाही. आयोडीनने पिष्ट कळेल, ग्लायसीन कळणार नाही. गरम पाण्यात खरे व्हे गुठळते हे खरे आहे, पण १८ ग्रॅम व्हे गुठळले की २४, हे पेल्यात बघून सांगता येणार नाही. यूट्यूबवरच्या असल्या घरगुती चाचण्या लाखो लोक पाहतात, याचे कारण दुसरा इलाजच त्यांच्यापुढे ठेवलेला नाही.

आपल्याकडची परिस्थिती किती वाईट आहे याचा अंदाज २०२४ साली आला. केरळमधले यकृततज्ज्ञ डॉ. सिरिॲक ॲबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातले ३६ प्रोटीन सप्लिमेंट तपासून 'मेडिसिन' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. हे सगळे निव्वळ व्हेचे डबे नव्हते, वनस्पतीजन्य आणि जडीबुटी मिसळलेलेही त्यात होते. ३६ पैकी २५ डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा प्रत्यक्षाशी जुळला नाही. काहींत कबूल केल्याच्या निम्मेही नव्हते. १४ टक्के नमुन्यांत बुरशीपासून येणारे अफ्लाटॉक्सिन सापडले आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश. ३६ नमुन्यांवरून सगळ्या बाजाराचा निवाडा करता येत नाही, हे मान्य. पण ही तपासणी काही डॉक्टरांनी पदरमोड केल्यासारखी स्वतःहून करावी आणि ज्यांचे ते रोजचे काम आहे त्या यंत्रणेचा बॅचनिहाय अहवाल आपल्याला कुठे बघायला मिळू नये, याची चीड यायला हवी.

कायदा नाही असे नाही. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे. हेल्थ सप्लिमेंटसाठी २०१६ साली स्वतंत्र नियम झाले. डब्यावर 'हेल्थ सप्लिमेंट' लिहावे लागते, औषध म्हणून वापरायचे नाही असेही छापावे लागते, चौदा आकडी परवाना क्रमांक असावा लागतो. परवाना क्रमांक म्हणजे मालाची तपासणी झाल्याचा दाखला असा पुष्कळांचा समज आहे. तो धंदा करायचा परवाना आहे. कुठल्या बॅचमध्ये काय निघाले हे त्यावरून कळत नाही. दंड बघा. कमी दर्जाच्या मालाला कलम ५१ खाली जास्तीत जास्त ५ लाख, चुकीच्या लेबलला कलम ५२ खाली ३ लाख, फसव्या जाहिरातीला कलम ५३ खाली १० लाख. ज्या कंपनीची उलाढाल कोटींत आहे तिच्यासाठी ३ लाख ही जाहिरातीच्या खर्चातली किरकोळ रक्कम झाली. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने नमुना घेतला तर विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा आहे. तो वेळेत आला असे धरले तरी तोवर त्या बॅचचे डबे खोल्या-खोल्यांत रिकामे झालेले असतात.

याच कायद्यात कलम ४० आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. कोणीही गिऱ्हाईक फी भरून विकत घेतलेला पदार्थ सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, आणि माल नियमाबाहेर निघाला तर फी परत मिळते. हक्क म्हणून हे उत्तम. पण अट अशी आहे, की तपासणी करून घेणार असल्याचे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचे. तालुक्याच्या गावात जिमच्या सरांसमोर उभे राहून एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणेल का, की सर, डबा द्या, मी हा तपासायला पाठवणार आहे? दुसऱ्या दिवसापासून त्या जिमची पायरी त्याला चढता येईल का? आणि मोबाइलवरून मागवलेल्या डब्याच्या बाबतीत हे सांगायचे कोणाला? पार्सल आणून देणाऱ्याला?

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही. लोक म्हणतात, एवढी कटकट कशाला, पावडर खाऊच नका. डाळ खा, अंडी खा, दूध प्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत प्रोटीन पावडरी नियमित घेऊ नयेत असेच सांगितले आहे. कोल्हापूरच्या तालमीतला वस्तादही खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण एवढेच मोजतो. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत पदक आणले ते कुठल्या डब्यावर आणले नाही.

हा हिशेब मीही करून पाहिला, भाच्याच्या ताटावरून. बैठ्या कामाच्या माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरते, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. व्यायाम कितीही केला तरी किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे जाऊन स्नायूंना आणखी फारसा फायदा होत नाही, म्हणजे त्याला फार तर ९६ ग्रॅम. चार ज्वारीच्या भाकऱ्यांतून वीस-बावीस ग्रॅम येतात. दोन वेळच्या उसळीतून १४. अर्ध्या लिटर दुधातून १६. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२. झाले साधारण ६४. चार अंडी घातली की ८८. भाकरी-उसळ एका ताटात असली की ज्वारीत जे अमिनो आम्ल कमी पडते ते कडधान्य भरून काढते, त्यामुळे या प्रोटीनचा दर्जाही हलका नसतो. अंडे सात रुपयांच्या आसपास मिळते, म्हणजे २४ ग्रॅम प्रोटीन अठ्ठावीस रुपयांत. चांगल्या व्हेच्या एका स्कूपला तेवढ्याच प्रोटीनसाठी सत्तर-शंभर रुपये पडतात. भाच्याला मी सांगितले ते हेच, की डबा परत करता आला तर कर आणि रोज चार अंडी लाव.

पण माळकरी घरातल्या पोराला मी काय सांगू? त्याच्या खोलीवर स्वयंपाकाची सोय नाही, मेसच्या डाळीत डाळ शोधावी लागते, आणि अर्धा लिटर दूध ठेवायला फ्रिज नाही. त्याच्यासाठी प्रामाणिक व्हेचा एक स्कूप ही सोयीची आणि वाजवी गोष्ट आहे. म्हाताऱ्या माणसांचेही तसेच. दात गेलेले, भूक मंदावलेली, आणि स्नायू दरवर्षी झडत चाललेले. घोटभर पाण्यात २० ग्रॅम प्रोटीन जात असेल तर ते मी नाकारणार नाही. 'खाऊ नका' हा सल्ला त्यांच्या कामाचा नाही. शिवाय तो सल्ला देऊन आपण बनवणाऱ्याला मोकळे सोडतो. तेलात भेसळ होते म्हणून तेल सोडा असे आपण कोणाला सांगत नाही, भेसळ करणाऱ्याला पकडा म्हणतो.

म्हाताऱ्यांचा विषय निघाला तर मेडिकलच्या दुकानातल्या फळीबद्दल बोलायलाच हवे. आजारपणातून उठलेल्या आजीला, बाळंतिणीला, हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला भेटायला जाताना आता फळांऐवजी प्रोटीन पावडरीचा डबा नेतात. त्यांतल्या अनेक डब्यांत १०० ग्रॅममागे प्रोटीन तीस-पस्तीस ग्रॅम असते आणि बाकीची बरीच जागा साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन व्यापते. दोन चमचे दुधात घालायचे, म्हणजे पावडरीतून मिळतात पाच-सहा ग्रॅम. एका अंड्याएवढे. मधुमेह असलेल्या आजीला या डब्यातून साखर किती गेली हे घरात कोणी मोजत नाही, कारण डबा औषधांच्या दुकानातून आलेला असतो आणि अनेकदा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतो. जिममधल्या पोरांच्या फसवणुकीवर निदान चर्चा तरी होते. या फळीवर कोणी बोट ठेवत नाही. मला ती जास्त खटकते, कारण इथला घेणारा आजारी आहे आणि चिठ्ठी लिहिणाऱ्यावर त्याचा पूर्ण भरवसा आहे.

मग करायचे काय? प्रत्येक डब्यावर बॅच क्रमांक असतोच. त्याच्याशेजारी एक क्यूआर कोड असावा आणि मोबाइल धरला की त्या बॅचचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतला अहवाल उघडावा. प्रत्येक अमिनो आम्लाचे प्रमाण, शिसे, आर्सेनिक, अफ्लाटॉक्सिन, सगळे त्यात असावे. आज डब्यांवर जे खरवडायचे कोड असतात ते डबा त्या कंपनीचा आहे एवढेच सांगतात, कंपनीने आत काय भरले ते सांगत नाहीत. प्रोटीनचा आकडा छापताना वरून मिसळलेले ग्लायसीन, टॉरिन, क्रिएटिन त्यातून वजा करणे बंधनकारक करावे. मिश्रण म्हटले की प्रत्येकाचा टक्का द्यावा. आणि जिमचे सर किंवा डॉक्टर यांना ज्या डब्यावर कमिशन मिळते, त्यांनी ते सांगितल्याशिवाय तो डबा सुचवू नये. सरांचे पोट पगारावर भरत नाही, हे मला ठाऊक आहे. तालुक्याच्या जिममध्ये फी महिन्याला पाचशे-सातशे, त्यात जागेचे भाडे आणि वीज. डब्यावरचे मार्जिन त्यांना हवेसे वाटणारच. पण पोरगा त्यांच्या शब्दाला वस्तादाचा शब्द मानतो, आणि त्या शब्दामागे मार्जिन आहे हे त्याला कळायला हवे.

तपासणीने माल महागेल, असे कंपन्या म्हणतील. एका बॅचमध्ये शेकडो, कित्येकदा हजारो डबे असतात. एका अहवालाचा खर्च तेवढ्या डब्यांवर वाटला तर डब्यामागे तो जाहिरातीतल्या नटाच्या वाट्यापेक्षा कितीतरी कमी भरेल. उलट आजच्या व्यवस्थेत मार खातो तो प्रामाणिक कारखानदार. शंभर लिटर पाणी गाळून त्याने किलोभर पावडर काढायची, आणि शेजारच्याने तीत ग्लायसीन मिसळून तोच आकडा छापून पाचशे रुपये स्वस्त विकायची. चीजसाठी दूध घालणारा शेतकरीही यात आहे. त्याच्या दुधातून निघालेल्या व्हेला खरा भाव मिळाला तर दुधाच्या दराला थोडा तरी टेकू मिळण्याची शक्यता राहते. व्हेच्या जागी पिष्ट आणि ग्लायसीन खपत असेल तर तीही राहत नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. लेबलवर काय छापायचे, कोणत्या कसोट्या लावायच्या, अहवाल कसा जाहीर करायचा, हे सगळे कलम ९२ खाली केंद्र सरकारच्या मंजुरीने अन्नसुरक्षा प्राधिकरणाला नियम करून ठरवता येते. संसदेत जावे लागेल ते फक्त कलम ४० साठी, आणि तिथेही एका अटीपुरते: विक्रेत्याला आधी सांगण्याऐवजी सीलबंद डबा आणि खरेदीची पावती विश्लेषकाकडे दिली की पुरे, एवढीच दुरुस्ती. ऑनलाइन मागवलेल्या डब्यालाही ती लागू व्हावी. आपल्या खासदाराला लिहायचे पत्र एका पानात मावते. भाच्याने आणि त्याच्या खोलीतल्या तिघांनी ते लिहिले आहे.